कला शाखेचा फ्लेक्स

मे महिना सुचिता शिगवण मॅडमना नकोसा वाटायचा. बाकी जगाला मे महिन्यात आंबे आठवतात, लग्नं आठवतात. तालुक्याच्या कॉलेजात कला शाखेला शिकवणाऱ्याला आठवतात ती ॲडमिशनं. बारावीचा निकाल लागायच्या आधीच पिशवीत माहितीपत्रकं भरायची, डोक्यावर छत्री धरायची आणि खाडीकाठच्या खारपट्टीतल्या गावागावांतून दारोदार हिंडायचं. ताई, तुमच्या पोरीला आमच्याकडे घाला हो. भांडीवालीसुद्धा एवढ्या दारांत उभी राहत नसेल. बरं, तिच्या डोक्यावर निदान भांडी तरी असतात.

दर घरी पाणी मिळायचं, कुठे चहा मिळायचा, आणि मग तोच प्रश्न यायचा. "मॅडम, आर्ट्स करून काय मिलतं?"

उत्तर मॅडमना तोंडपाठ होतं. स्पर्धा परीक्षा देता येतात, पोलीस भरती आहे, बी.एड. आहे, बँका आहेत. बोलताना त्यांचं स्वतःचंच लक्ष समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे असायचं. समोरचा बाप मान हलवायचा आणि पोराला आयटीआयला घालायचा. त्याचं काय चुकलं? थळच्या खताच्या कंपनीत आयटीआयवाल्याला निदान अप्रेंटिस म्हणून तरी घेतात, हे अख्ख्या पट्टीला ठाऊक. कला शाखेकडे उरायच्या त्या मुली, ज्यांच्या घरी लग्न ठरेपर्यंत पोरीला कुठेतरी बसवायची असते.

आणि मॅडमचं स्वतःचं म्हणाल तर आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तळा तालुक्यातल्या कुणबी घरातली मुलगी. घरची भातशेती. तिथून एवढ्या लांब येऊन समाजशास्त्रात एम.ए. केलं, नेट पास झाल्या, आणि इतकी वर्षं इथे तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे. सुट्टी असेल तर तुम्ही तुमच्या घरी. मार्चमध्ये दर वर्षी मोकळं करायचे आणि जुलैत परत मुलाखत. मेमधलं हे दारोदार हिंडणं बिनपगारी, जुलैत परत घेतील या आशेवर. मुलाखतीला तीच माणसं, ज्यांच्याबरोबर त्या वर्षभर डबा खायच्या. ती माणसं गंभीर चेहऱ्याने विचारायची, "स्वतःबद्दल थोडं सांगा." आता यावर माणसाने हसावं की रडावं?

यंदा प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून स्पष्टच सांगितलं, "पहिल्या वर्षाचा वर्ग भरला नाही तर कला शाखा बंद. माझ्या हातात काही नाही. मॅडम, एस.टी. स्टँडवर एक मोठा फ्लेक्स लावू. कला शाखेचे यशस्वी विद्यार्थी. फोटो तुम्ही गोळा करा."

यशस्वी! मॅडम दोन संध्याकाळी फोन घेऊन बसल्या. एक जण पनवेलला कपड्यांच्या दुकानात होता. एक रिक्षा चालवत होता आणि मजेत होता, पण रिक्षावाल्याचा फोटो प्राचार्य लावू देणार नाहीत. एकीचं लग्न झालं होतं आणि तिने "मॅडम, आमच्या ह्यांना विचारून सांगते" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. शेवटी पोलीस भरतीत लागलेला एक, बालवाडीची एक शिक्षिका आणि हेमाली नामा म्हात्रे एवढे जमले.

हेमाली मॅडमची लाडकी. मिठागरावर काम केलेल्या आगरी घरातली पहिली पदवीधर. बोलकी, वर्गात हात वर करून वाद घालणारी. आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. नोकरी कंत्राटी, पगार ठेकेदाराकडून. मॅडमनी फ्लेक्सवाल्या गणराजला तसंच लिहून पाठवलं होतं : आरोग्य विभाग, कंत्राटी. गणराजने प्राचार्यांना विचारलं, प्राचार्यांनी 'कंत्राटी' काढून टाकलं, आणि छापायच्या आधी मॅडमच्या मोबाइलवर नमुना आला. हेमालीच्या हसऱ्या फोटोखाली ठळक अक्षरात 'शासकीय सेवेत'. मॅडम तेव्हा शहाबाज गावाकडच्या कुठल्याशा ओटीवर माहितीपत्रकाने वारा घेत बसल्या होत्या. घसा कोरडा पडला होता. कोण आता फोन करणार, कोण वाद घालणार? त्यांनी 'ओके' पाठवलं आणि पुढच्या घराकडे निघाल्या.

फ्लेक्स लागला. तो बघून कुणी ॲडमिशनला आलं नाही. आलं ते हेमालीला स्थळ.

एक दिवस दुपारी हेमालीचे आईबाप, नामा आणि ठमाबाई, कॉलेजात हजर. नामाने पांढरा सदरा घातला होता. मिठागर बंद पडल्यापासून तो कुणाच्या तरी बंगल्याची राखण करायचा, सदरा सणासुदीचा. ठमाबाईने सुक्या बोंबलांची पिशवी टेबलावर ठेवली, त्या वासाने शेजारचे अर्थशास्त्राचे सर उठून बाहेर गेले.

"मॅडम, तुमच्या फ्लेक्सनी आमच्या पोरीचं नशीब काडलं," नामा म्हणाला. "उरनची पार्टी हाय. काळूराम ठाकूर. बंदरावर ट्रेलर चालतात त्यांचे. कुनाच्या हलदीला इकडं आलते, तवा स्टँडवर फोटो बगितला. पोरगी सरकारी नोकरीला हाय, आगऱ्याची हाय, बस! मानूस घरी आला."

"पोरगा बरा हाय का पन?" मॅडमनी विचारलं. इतकी वर्षं इकडे राहून त्यांच्या तोंडीही अधूनमधून हाय यायचं.

"मितेश. लय बरा. आमच्या पोरीला पसंत हाय," ठमाबाई म्हणाली आणि लाजली, जणू लग्न तिचंच होतं.

मग नामा खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलायला लागला. सोयरीक पक्की करायच्या आधी मुलीची चौकशी तिच्या मास्तराकडे करायची ही त्यांच्याकडची रीत. घरचे गोड बोलणार, शेजारी वाकडं बोलणार. खरं काय ते मास्तर सांगणार. काळूराम दोनचार दिवसांत कॉलेजात येणार होता.

"तुमी फक्त 'सरकारी हाय' एवडंच बोला. परमनंट बोलू नका. म्हंजे तुमाला पन खोटं बोलल्यासारकं नाय वाटनार."

काय माणूस! मॅडमच्या पापपुण्याचीसुद्धा सोय करून आला होता. मॅडम हसल्या आणि "बघते" म्हणाल्या. बघते म्हणजे हो नाही, आणि नाहीही नाही. पण नामाने ते हो म्हणूनच घेतलं. बोंबलांची पिशवी टेबलावरच राहिली.

काळूराम ठाकूर आला तो बायकोला, गोदूबाईला, घेऊन. गळ्यात जाड साखळी, पण बोलायला अगदी मऊ. त्याने चप्पल दाराबाहेर काढली. स्टाफरूममध्ये चप्पल काढून आलेला माणूस मॅडमनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"मॅडम, धंदा माझा कदी वर, कदी खाली," तो म्हणाला. "बंदर बंद तर आमी बंद. म्हनून घरात एक तरी पक्का पगार यावा, एवडीच माजी इच्चा. पोरीचं परमनंट हाय ना?"

मॅडमच्या जिभेवर 'सरकारी आहे' तयार होतं. तेवढं बोलून चहा मागवला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण तो माणूस इतका विश्वासाने बघत होता, आणि मॅडम इतक्या थकल्या होत्या. दारोदार तीच टेप लावून लावून त्यांच्यात आता आणखी एक खोटं उचलायची ताकद नव्हती. थोरपणा वगैरे काही नाही हो. निव्वळ कंटाळा.

"नाही," त्या म्हणाल्या. "कंत्राटी आहे. फ्लेक्सवर चुकीचं छापलंय. मुलगी सोन्यासारखी आहे, पण नोकरी पक्की नाही."

काळूराम बराच वेळ चुळबुळत राहिला. मग उठला. "बरं झालं तुमी सांगितलं," म्हणाला आणि चप्पल घालून गेला. गोदूबाई दारातून एकदा वळून बघून गेली.

दुसऱ्या दिवशी नामाचा फोन. मॅडमनी कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. "उरनवाल्यांनी थांबा म्हनून सांगितलंय! थांबा म्हंजे काय ते आमाला समजतं. मॅडम, आर्ट्स शिकून आमच्या पोरीचा काय फायदा झाला नाय. त्या फ्लेक्सनी झाला असता, तो पन तुमी घालवला!"

त्याच्या बोलण्यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. मॅडमना रात्रभर तेच वाक्य चावत राहिलं. इतकी वर्षं समाजशास्त्र शिकवलं, त्याचं माप नामाने एका वाक्यात त्यांच्या पदरात घातलं.

सकाळी त्या दवाखान्यात गेल्या. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग होती. आत हेमाली एका म्हातारीला विचारत होती, "आजे, नक्की कुठं दुखतंय? पोटात की छातीत?" म्हातारी सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. हेमालीने गाऱ्हाणी ऐकून घेतली, त्यातून दुखणं वेगळं काढलं, लिहिलं आणि तिला योग्य दाराकडे पाठवलं. मग तिचं लक्ष मॅडमकडे गेलं. तिचा चेहरा उतरलेला होता. सोबतच्या मुलीला खिडकीवर बसवून ती बाहेर कडुनिंबाखाली आली.

"हेमाली, मला वाटलं खरं सांगितलेलं बरं. लग्नानंतर कळलं असतं तर तुझेच हाल झाले असते."

"मॅडम, मितेशला माहीत होतं," हेमाली म्हणाली. "पहिल्याच दिवशी मी सांगितलं त्याला, की मी कंत्राटावर आहे. तो म्हणाला, मला चालतं, पप्पांना मी हळूहळू सांगतो. ट्रेलरचं एक मोठं काम मिळणार होतं त्यांना. पप्पा खुशीत असले की सांगणार होता. आमचं आम्ही बघत होतो, मॅडम."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. खोटेपणा नको म्हणून तोंड उघडलं आणि दोन शहाण्या पोरांनी हळूहळू बांधत आणलेलं सगळं एका वाक्यात मोडून टाकलं. "तू मला आधी का नाही बोललीस गं?"

"बाबा येऊन गेले ते मला कुठं माहीत होतं? आणि तुम्हाला काय सांगणार? तुम्ही कायम दमलेल्या असता." हेमालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते ओढणीने पुसलं आणि एकदम चिडून म्हणाली, "दर वर्षी दारोदार फिरता ना ॲडमिशनसाठी? ओळख ना पाळख, लोकांच्या ओटीवर जाऊन बसता ना? मग एकदा माझ्यासाठी जा!"

मॅडम रविवारी उरणला गेल्या. हातात सवयीने पिशवी होती, पिशवीत सवयीने माहितीपत्रकं. काळूरामच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत एक ट्रेलर उभा होता आणि त्याच्या चाकाशी मितेश हात काळे करून बसला होता. मॅडमना बघून तो घाईने उठला. "मॅडम, पप्पा सॉल्लिड भडकलेत," एवढंच तो कुजबुजला.

काळूरामने बसायला खुर्ची दिली. गोदूबाईने पाणी आणलं. आणि मग, काय सांगायचं, काळूरामने तोच प्रश्न विचारला. "मॅडम, मना एक सांगा. तीन वर्सं आर्ट्स करून पोरीला मिललं काय?"

मॅडमनी तोंड उघडलं. स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, बी.एड. सगळं ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं.

"पक्कं असं काहीच मिळालं नाही," त्या म्हणाल्या. "कंत्राट संपलं की तिला काढतात. मग ती परत अर्ज करते, परत लागते. पुढेही असंच चालेल. माझंही असंच चाललंय."

"तुमचं? तुमी तर मॅडम हायेत."

"मीही पक्की नाही, दादा. मार्चमध्ये मला काढतात, जुलैत घेतात. यंदा घेतील की नाही तेही माहीत नाही."

काळूराम खुर्चीत पुढे सरकला. हेमालीचं ऐकून बसला नव्हता एवढा धक्का त्याला हे ऐकून बसला. "एवडं शिकून? मास्तरीन असून? आनि कॉलेजात तुमीच पोरं गोला करता?"

"हो."

"मग माज्या दारात कशाला आल्या तुमी?"

"माझ्यामुळे मोडलं म्हणून आले. आणि एक राहिलं होतं सांगायचं." मॅडमनी एकदा मितेशकडे पाहिलं. तो मान खाली घालून हाताचं ग्रीस पुसत होता, पुसून झालं तरी पुसत होता. "हेमालीने लपवलं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुमच्या मुलाला. तुम्हाला सांगायची हिंमत तुमच्या मुलाला झाली नाही."

"काय रे?" काळूराम गरजला.

"पप्पा, तुम्हाला काय सांगायला गेलं की तुम्ही टेन्शन घेता," मितेश पुटपुटला. "मला पगाराशी नाही, तिच्याशी लग्न करायचंय."

आता इथे मोठं भांडण व्हायचं. पण गोदूबाई मध्ये पडली. ती इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "बापाला घाबरतो आनि लगीन करतो म्हने!" ती आधी पोरावरच घसरली, मग नवऱ्याकडे वळली. "आनि तुमी. तुमचा ट्रेलर परमनंट हाय? बंदर बंद झालं तवा माज्या पाटल्या कुटं गेल्या? तवा बोल्ले का मी, की मोडा हे लगीन?"

काळूरामचा फोन वाजला, तो उचलून तो ट्रेलरच्या मागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मॅडमनी चहा संपवला. निघताना गोदूबाईने विचारलं, "पिशवीत काय हाय?" मॅडमनी लाजून एक माहितीपत्रक दिलं. गोदूबाईने ते उलटसुलट बघितलं आणि मिश्रीच्या डबीखाली ठेवलं.

होकार की नकार काही कळलं नाही. पाऊस आला, कॉलेज सुरू झालं. पहिल्या वर्षाच्या वर्गात कला शाखेच्या ज्या काही मुली आल्या त्या पुढच्या बाकांवरच मावल्या. मॅडमना मुलाखतीला बोलावलं, त्यांनी स्वतःबद्दल थोडं सांगितलं. गणपती झाले आणि एक दिवस तासाच्या मध्येच हेमालीचा फोन आला. ती आधी नुसतीच हसत होती. मग म्हणाली, "मॅडम, काळूमामा आले होते. म्हणाले, नोकरी कच्ची असली तरी चालेल, पण माझ्यापासून यापुढं काय लपवायचं नाय. तुळशीच्या लग्नानंतर धरलंय." मॅडम वर्गाबाहेर येऊन जिन्यात उभ्या राहिल्या. खूप दिवसांनी त्यांना कशाचा तरी आनंद झाला होता, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना पटकन सुचेना.

दिवाळीच्या सुट्टीआधी प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. या वेळी त्यांनी बसा म्हटलं, तेव्हाच मॅडमना कळलं. कला शाखा पुढच्या सत्रापासून बंद. आहेत त्या मुली दुसऱ्या कॉलेजात पाठवणार. तासिका सुट्टीनंतर नाहीत. "तुमच्या कामाबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही, मॅडम," प्राचार्य म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, उगाच का खोटं बोला.

मॅडमनी भाड्याची खोली रिकामी केली. गाद्या आधीच पाठवल्या. तुळशीचं लग्न झाल्यावर एका दुपारी त्या दोन बॅगा घेऊन तळ्याच्या गाडीसाठी स्टँडवर आल्या. हळदीला यायचं त्यांनी हेमालीला कबूल केलं होतं, पण तळ्याहून येऊ म्हणाल्या. रिकाम्या खोलीत आणखी एक रात्र काढायची त्यांची तयारी नव्हती.

कॉलेजचा फ्लेक्स होता त्याच सांगाड्याला शिडी लावून गणराज दोऱ्या आवळत होता. 'यशस्वी विद्यार्थी' एव्हाना उन्हापावसाने फिके पडले होते, त्यांच्यावरच नवा फ्लेक्स चढत होता. लग्नाचा. इकडच्या रिवाजाप्रमाणे पार ट्रकच्या फाळक्याएवढा. मध्ये मितेश काळा चष्मा लावून, शेजारी हेमाली. तिच्या नावापुढे शासकीय सेवा नाही, आरोग्य विभाग नाही. नुसतं बी.ए.

आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मामा, काका, ट्रेलर असोसिएशनचे कोण कोण, प्रत्येकाचा गोल चौकटीत फोटो. त्या रांगेत, एका सोन्याने मढलेल्या काकाच्या शेजारी, मॅडम. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा जुना फोटो होता, केस नीट विंचरलेले, चेहरा भेदरलेला. हेमालीने कुठून मिळवला कोण जाणे. खाली मोठ्या अक्षरात : प्रा. सुचिता शिगवण, कला शाखा प्रमुख.

प्रमुख त्या कधीच नव्हत्या. प्राध्यापक म्हणून कुणी त्यांची नेमणूक केली नव्हती. आणि शाखा आता शिल्लक नव्हती.

"मॅडम!" गणराजने शिडीवरून हाक मारली. "बरं झालं दिसलात. हेमालीने फोनवर सांगितलं तसं टाकलंय. बघा, तुमचं नाव बरोबर हाय ना? काय चुकलं असंल तर आत्ताच बोला, वर पट्टी चिकटवतो. मागून मला बोल लावू नका."

मॅडमनी मान वर करून पाहिलं. डोळे भरून आले म्हणून अक्षरं नीट लागेनात, तरी त्या शेवटपर्यंत वाचत राहिल्या. मागे तळ्याच्या गाडीचा कंडक्टर घंटी मारत होता.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि बॅगा उचलून गाडीत चढल्या.